इम्प्लांट न घालता स्तन उचलले, तर आकार कमी होतो का?

निपाणीकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय चाळिशीच्या आत, दोन बाळंतपणं, दोन्ही मुलांना अंगावर पाजलेलं, आणि त्यानंतर बऱ्याच मेहनतीने चौदा किलो वजन उतरवलेलं. आता छाती ओघळली आहे, ब्लाउज नीट बसत नाही, उन्हाळ्यात स्तनांखाली घाम साचून कातडी लाल होते. इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची कृत्रिम पिशवी, नको असं त्यांचं ठरलंय. पण जाऊबाई म्हणतात, "कापून उचलणार म्हणजे आहे तेवढंही जाणार." हे खरं का, आणि आज ३६ सी ब्रा लागते तिचं पुढे काय होईल, असं त्यांनी विचारलंय.

आधी थेट उत्तर देते. आतला ऐवज जवळपास तेवढाच राहतो. पण बहुतेक जणींना स्तन आधीपेक्षा थोडे लहान वाटतात आणि ब्राचा कप अर्ध्या ते एका मापाने उतरतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या कशा, हे नीट समजून घेतल्याशिवाय कुणीही टेबलावर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं, कारण या शस्त्रक्रियेनंतर बायका नाराज होतात त्या बहुतेकदा याच एका गोष्टीवरून.

ब्रेस्ट लिफ्टमध्ये, म्हणजे आमच्या भाषेत मास्टोपेक्सीमध्ये, काढली जाते ती प्रामुख्याने जास्तीची सैल कातडी. दुधाच्या ग्रंथी आणि चरबी मिळून जो गोळा खाली उतरलेला असतो, तो आतून गोळा करून वर बसवतात, टाक्यांनी आकार देतात, स्तनाग्र आणि भोवतीचं काळं वर्तुळ नव्या जागी आणतात आणि उरलेली कातडी काढून टाकतात. आता हिशोब करा. दोन मिलिमीटर जाडीची शंभर चौरस सेंटिमीटर कातडी काढली, तर ती भरते वीस मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. मध्यम आकाराचा स्तन तीनशे ते पाचशे मिलिलिटरचा असतो. त्यातून चार चमचे गेले म्हणून माप बदलत नाही. जाऊबाईंची भीती स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेवरून आलेली असणार. तिथे ग्रंथी आणि चरबी ठरवून काढतात, कधी एका बाजूने अर्धा किलो किंवा त्याहूनही जास्त. छेद दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लागू केला जातो.

मग लहान का वाटतात? ओघळलेला स्तन लांब आणि पसरट झालेला असतो. खाली लोंबतो, बाजूला काखेकडे सरकतो. तो ब्रामध्ये घालताना सैल कातडीच्या घड्या, पसरलेली बाजू सगळं कपात कोंबावं लागतं, म्हणून मोठा कप घेतला जातो. लिफ्टनंतर तोच ऐवज छातीवर कमी जागेत, घट्ट आणि उंच बसतो. पाया अरुंद होतो, घड्या जातात, कप रिकामा पडतो. वरून खाली बघताना पूर्वी पोटापर्यंत उतरलेलं दिसायचं ते आता दिसत नाही, आणि डोळा त्यालाच 'कमी झालं' म्हणतो. पहिल्या काही महिन्यांत मला हमखास ऐकू येतं, "डॉक्टर, आधीपेक्षा बारीक दिसूलालंय की हो." काही जणींना मात्र उलटं वाटतं, कारण पुढचा उभार वाढलेला असतो.

शहापूरकडची एक पेशंट स्वतः ब्लाउज शिवते. तिने परवानगी दिली म्हणून सांगते. शस्त्रक्रियेच्या आधी शिवलेलं एक कटोरी ब्लाउज आणि साताठ महिन्यांनी शिवलेलं दुसरं, अशी दोन्ही ती तपासणीला घेऊन आली आणि टेबलावर एकावर एक ठेवली. छातीचा घेर दोन्हीचा जवळपास सारखाच होता. बदलले होते ते टक्स. खांद्यापासून टक्सच्या टोकापर्यंतचं अंतर नव्या ब्लाउजमध्ये चांगलंच कमी झालं होतं, कटोरी अरुंद आणि खोल झाली होती, आणि कटोरीखालच्या पट्टीपाशी जुन्या ब्लाउजमध्ये जो झोळ राहायचा तो गेला होता. ज्यांना 'साइज' या शब्दाचा घोळ वाटतो त्यांना मी आता हेच सांगते: घेर, उंची आणि खोली ही तीन वेगळी मापं आहेत आणि लिफ्ट मुख्यतः उंची आणि खोली बदलते. शिवणकामाचं आणि आमच्या शस्त्रक्रियेचं हे नातं जुनंच आहे. आम्ही आजही छातीवर जी आखणी करतो तिचा एक प्रकार अमेरिकन सर्जन रॉबर्ट वाईज यांनी १९५६ साली मांडला, आणि तो त्यांनी ब्राच्या कापडाच्या नमुन्यावरून बसवला होता.

ब्राच्या आकड्याबद्दलही एक सांगायला हवं. ३६ हा पट्ट्याचा आकडा आणि सी हा कपाचा. वजन चौदा किलोंनी उतरल्यावर पट्टा ३६ राहिला असेल असं वाटत नाही, बहुधा तुम्ही ३४ वर आला असाल. ३६ सी आणि ३४ डी या दोन कपांत मावणारा ऐवज साधारण सारखाच असतो. म्हणजे आज तुम्ही चुकीच्या मापाची ब्रा घालत असाल, तर लिफ्टनंतर '३४ सी झालं' याचा अर्थ वाटतो तेवढा मोठा नाही. बेळगावात गणपत गल्ली किंवा खडे बाजारातल्या दुकानात जाऊन आधी स्तनांखालचा घेर आणि सगळ्यात भरलेल्या जागेचा घेर टेपने मोजून घ्या. दुकानात बाई असेल तर संकोच करू नका.

घरच्या घरी एक चाचणी करता येते आणि ती माझ्या अनुभवात आकड्यांपेक्षा जास्त कामाची आहे. पॅड किंवा तार नसलेली, साध्या कापडाची, नीट बसणारी ब्रा घाला. पट्टे फार आवळू नका. आरशासमोर बाजूने उभ्या राहा. जेवढं दिसतंय ते तुम्हाला पुरेसं वाटतं का? वाटत असेल तर तुमच्याकडे ऐवज आहे, फक्त जागा चुकली आहे, आणि एकट्या लिफ्टने तुमचं काम होईल. ब्रा घालूनही रिकामं वाटत असेल, विशेषतः गळ्याखालचा वरचा भाग, तर लिफ्ट तो रिकामेपणा भरणार नाही. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. पॅडेड ब्रा जो वरचा फुगवटा देते तो लिफ्टने टिकून राहत नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे सुजेमुळे तो दिसतो, बायका खूश होतात, आणि सूज उतरली की वरचा भाग पुन्हा उतरता होतो. तो उतार नैसर्गिक आहे. पण कुणी आधी सांगितलं नसेल तर तो फसवणुकीसारखा वाटतो.

आता छेदांबद्दल, कारण आकाराशी त्यांचा थेट संबंध आहे. किती ओघळलं हे आम्ही स्तनाखालच्या घडीवरून ठरवतो. स्तनाग्र घडीच्या पातळीला असेल तर सौम्य, घडीखाली पण स्तनाच्या खालच्या टोकाच्या वर असेल तर मध्यम, आणि अगदी खालच्या टोकाला जमिनीकडे बघत असेल तर तीव्र. ही वर्गवारी १९७६ पासून वापरात आहे. गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या बाईत १९ ते २१ सेंटिमीटर असेल तर चांगलं मानतात. दोन बाळंतपणं आणि मोठी वजनघट झालेल्या बाईत ते २६-२८ सहज भरतं. सौम्य प्रकारात फक्त काळ्या वर्तुळाभोवती छेद पुरतो. मध्यममध्ये त्याला खाली एक उभी रेघ जोडतात. तीव्रमध्ये घडीतून आडवा छेदही लागतो, आणि खूण उलट्या टी अक्षरासारखी दिसते.

बायका साहजिकच कमी खुणांचा प्रकार मागतात. "फक्त वर्तुळाभोवतीच करा, बाकी नको." ज्यांना आकार कमी दिसण्याची भीती आहे, त्यांनी नेमकं हेच मागू नये. वर्तुळाभोवती कातडी काढून दोरी ओढल्यासारखा टाका घातला की स्तन पुढून चपटा होतो, उभार जातो आणि पुढे वर्तुळही ताणून रुंद होतं. ऐवज तोच, पण चपटा झाल्याने बाजूने बघताना खूपच लहान दिसतो. उभ्या छेदात आतल्या ग्रंथीचे दोन खांब एकमेकांना शिवून शंकू करता येतो, म्हणून उभार वाढतो. खूण जास्त, पण आकार चांगला. ब्राच्या आत झाकली जाणारी उभी रेघ मी चपट्या स्तनापेक्षा केव्हाही पत्करेन, आणि तपासणीत तसं स्पष्ट सांगते. आपल्या सावळ्या कातडीवर खुणा सहा महिने ते वर्षभर लालसर-काळ्या राहतात, मग हळूहळू फिक्या होतात. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी ज्यांना गाठाळ व्रण उठलेला आहे त्यांनी तो आधीच दाखवावा.

कधीकधी लिफ्टमध्ये थोडा ऐवजही काढावा लागतो. एक बाजू मोठी असेल तर ती जुळवण्यासाठी, किंवा स्तन जड असतील तर वजनाने पुन्हा लवकर खाली येऊ नयेत म्हणून. हे गैर नाही, पण तुम्हाला आधी माहीत हवं. 'किती ग्रॅम काढणार, कुठल्या बाजूने?' असा सरळ प्रश्न विचारा. काढलेला भाग ऑपरेशन थिएटरमध्ये वजन करून नोंदवतात आणि तपासणीसाठी पाठवतात. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही बाजूंचे आकडे लिहून मागा. 'थोडंसं' हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

इम्प्लांटशिवाय भरीवपणा आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला, स्वतःचाच ऐवज फिरवून. स्तनाचा खालचा, लोंबलेला भाग बाहेर न काढता, त्याचा रक्तपुरवठा राखून तो वरच्या भागाच्या मागे छातीच्या स्नायूवर शिवतात. एकूण आकार वाढत नाही, पण वाटणी बदलते आणि मधला भाग भरल्यासारखा दिसतो. वजन उतरवलेल्या बायकांत मला हा मार्ग आवडतो, कारण त्यांच्याकडे खालचा ऐवज भरपूर असतो आणि तो फेकून देण्यात अर्थ नाही. दुसरा, पोटाची किंवा मांडीची चरबी काढून स्तनात भरणं. भरलेल्यापैकी बराच भाग शरीर शोषून घेतं, साधारण अर्धा किंवा थोडा जास्त टिकतो, म्हणून कधी दुसऱ्यांदा भरावी लागते. मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, तिच्या गाठी किंवा चुन्याचे कण दिसू शकतात, ते वाचणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायला हवं. आणि वजन उतरवून बारीक झालेल्या बाईकडे काढायला चरबी उरलेली असेलच असं नाही.

इम्प्लांटला माझा सरसकट विरोध नाही. पण ते जन्मभराचं नसतं, त्याची देखभाल आणि पुढे केव्हातरी बदलण्याची तयारी लागते, आणि त्याच्या वजनाने सैल कातडी पुन्हा ताणली जाते. जिचं मन दोन्हीकडे आहे तिला मी सांगते, आधी नुसती लिफ्ट करा, सहा महिने ते वर्षभर थांबा, आकार स्थिर झाला की मग कमी वाटतंय का बघा. नंतर घालता येतं. एकदा घातलेलं काढून टाकणं मात्र तेवढं सोपं नसतं.

या थांबण्याला कारण आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत स्तन सुजलेले, वर चढलेले आणि खालून चपटे दिसतात. तो अंतिम आकार नाही. सहा आठवड्यांपर्यंत बरीच सूज उतरते, तीन महिन्यांत खालचा भाग गोल होऊ लागतो, खरा आकार सहा महिने ते वर्षाने समजतो. महागड्या ब्रा, दिवाळीची ब्लाउजं, लग्नाची खरेदी तीन महिन्यांच्या आत करू नका. आणि पहिल्या महिन्यातला फोटो बघून लहान झालं की मोठं झालं हे ठरवू नका.

पुढे आकार बदलवणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वजन. स्तनात चरबीचं प्रमाण मोठं असतं, वयाप्रमाणे ते आणखी वाढतं, त्यामुळे आणखी आठ-दहा किलो उतरलं तर स्तन खरोखरच लहान होतील, आणि वाढलं तर जड होऊन खाली येतील. म्हणून वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं असावं. आणखी मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकला, आणि दूध बंद होऊनही सहा महिने जाऊ द्या. इथे एक ओझं उतरवून टाकते: पाजल्यामुळे छाती ओघळली असं तुम्हाला घरात कुणी म्हणालं असेल, तर ते खरं नाही. गरोदरपणांची संख्या, वजनाचे चढउतार, वय, मुळातला मोठा आकार आणि तंबाखू ही कारणं आहेत. तेलं, क्रीम आणि मालिशीने ओघळलेला स्तन वर येत नाही. व्यायामाने मागचा स्नायू भक्कम होतो, स्तन जागचा हलत नाही, कारण स्तनात स्नायूच नसतो.

तंबाखूबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात ती शेतात आहे, वखारीत आहे, विडी वळणाऱ्या बायकांच्या सुपात आहे. 'तंबाखू खाता का, ओढता का' असं विचारलं की बायका मनापासून 'नाही' म्हणतात, आणि सकाळी मिश्री लावतात. मिश्री भाजलेली तंबाखूच आहे. तपकिरीचंही तेच. निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि लिफ्टमध्ये स्तनाग्र ज्या अरुंद पट्टीवर जिवंत राहतं तिचा रक्तपुरवठा तुटला तर स्तनाग्राचा भाग काळा पडून गळू शकतो. जखम उघडते, आकार बिघडतो. शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, दिवसाला एकदासुद्धा नाही. हे सर्जनपासून लपवू नका. मी कुणालाही त्यासाठी रागावत नाही, फक्त तारीख पुढे ढकलते.

बाकीचे धोके थोडक्यात: रक्त साचणं, जंतुसंसर्ग, टी-छेदाच्या सांध्यावर जखम उशिरा भरणं, दोन्ही बाजूंत थोडा फरक राहणं, स्तनाग्राची संवेदना कमी-जास्त होणं. पुढे पाजता येईलच याची खात्री देता येत नाही. रक्त साचलं तर बहुधा पहिल्या दिवसात कळतं: एक बाजू अचानक फुगते, घट्ट होते, दुखते, आणि लगेच दवाखाना गाठावा लागतो. म्हणून जांबोटी-कणकुंबीकडच्या किंवा चंदगडच्या आतल्या गावातल्या बायकांना मी पहिले दोन-तीन दिवस बेळगावातच पाहुण्यांकडे राहायला सांगते, पावसाळ्यात तर आग्रहाने. कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्याला करून घेणार असाल तर हाच विचार करा. टेबल-खुर्चीवर बसून करायचं काम साधारण दोन आठवड्यांत सुरू करता येतं. वैरणीचा भारा, पाण्याची घागर, धार काढणं, ऊसतोडीतली कामं मात्र सहा आठवडे नकोत. घरात हे आधी बोलून ठेवा.

वय चाळीसच्या आसपास असेल तर शस्त्रक्रियेआधी मॅमोग्राम किंवा सोनोग्राफी हवीच. आपल्या देशात स्तनांचा कर्करोग पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो, आणि आतले टाके नंतर तपासणीत खुणा म्हणून दिसतात, त्यामुळे आधीचं चित्र जवळ असणं महत्त्वाचं.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का बघा. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बहुधा बसत नाही आणि तिच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून खर्चाचा आकडा करासकट विचारा. आणि संमतिपत्र. आपल्याकडे ते बहुतेक कन्नड किंवा इंग्रजीत छापलेलं असतं. वाचता येत नसेल तर सही करू नका. ओळ न् ओळ मराठीतून समजावून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि चांगल्या दवाखान्यात त्यासाठी कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा प्रकार मध्यम ते तीव्रच्या मध्ये असावा, खालचा ऐवज बराच आणि वरचा भाग उतरलेला. तसं असेल तर उभा किंवा टी-छेद, खालचा भाग वर फिरवून भरणं आणि इम्प्लांट नाही, असा सल्ला मी देईन. माप बहुधा ३४ सी च्या आसपास स्थिरावेल, पण हे हात लावून, मोजून बघितल्याशिवाय नक्की होणार नाही. घामाने लाल होणारी कातडी आधी औषधाने पूर्ण बरी करून घ्या, तशीच ठेवून छेद घेता येत नाही. भेटीला जाताना साधी ब्रा, नीट बसणारं एक जुनं ब्लाउज आणि वजनाच्या नोंदी घेऊन जा. जाऊबाई सोबत येत असतील तर त्यांनाही आत घ्या, त्यांच्या शंका त्यांनाच विचारू द्या.